लागरच्या आधीची डच बिअर

गुलमंडीवरून वाळूजच्या वाटेला लागले की जुने शहर मागे पडते आणि औद्योगिक वसाहत सुरू होते. इथल्या बिअर कारखान्यांमुळे छत्रपती संभाजीनगरचे नाव देशभर गेले आहे. वाळूजला कारखाना असलेल्या युनायटेड ब्रुअरीजवर २०२१ पासून हायनेकन या डच कंपनीचे नियंत्रण आहे. इथे मुख्यतः बनते ती लागर: सोनेरी, थंड, कुठेही प्या जवळपास तीच चव. खुद्द नेदरलँड्समध्ये मात्र लागर रुजून जेमतेम दीडशे वर्षे झाली.

त्याआधी डच लोक एल पीत. एलचे यीस्ट साध्याच हवेत, साधारण १५ ते २० अंशांना काम करते, फेसाबरोबर वर येते आणि काही दिवसांत पेय तयार होते. सुरुवातीला त्यात सुगंधी रानवनस्पतींचे मिश्रण घालत. ते विकण्याचा हक्क सत्ताधाऱ्यांकडे असल्याने तो एक करच होता. चौदाव्या शतकात हॅम्बर्गकडून हॉप्स या वेलीची फुले घातलेली बिअर आली. हॉप्समुळे बिअर टिकू लागली, पिपांतून लांबच्या बाजारात जाऊ लागली. डेल्फ्ट, गौडा, हार्लेम यांची त्यावर भरभराट झाली आणि गावागणिक चवही वेगळी राहिली.

पाणी हे डच बिअरवाल्यांचे मोठे दुखणे. ॲमस्टरडॅमचे कालवे घाण झाल्यावर सतराव्या शतकात तिथले बिअरवाले फेख्त नदीचे गोडे पाणी होड्यांतून आणत. हिवाळ्यात घोड्यांनी ओढलेली बर्फफोडी नाव पुढे चाले. त्याच शतकात आपल्याकडे मलिक अंबरची नहर शहराला भूमिगत पाणी पुरवत होती. बिअर आणि पाण्याचे हे नाते आजही तेवढेच ताणलेले आहे. २०१६ च्या दुष्काळात उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने इथल्या मद्यउद्योगांच्या पाण्यात मोठी कपात करायला लावली आणि ते योग्यच होते.

पुढे चहा, कॉफी आणि येनेव्हर या दारूने एलचे गिऱ्हाईक खाल्ले. डेल्फ्टमध्ये बंद पडलेल्या बिअरशाळांत निळ्या-पांढऱ्या भांड्यांची कामे सुरू झाली. त्याच डेल्फ्टच्या लेव्हेनहुक या संशोधकाने १६८० मध्ये सूक्ष्मदर्शकातून यीस्टचे गोळे पाहिले. शेवटचा घाव लागरचा. १८६४ मध्ये खेरार्ड हायनेकनने ॲमस्टरडॅममधली जुनी बिअरशाळा विकत घेतली आणि काही वर्षांतच तो लागरकडे वळला. १८८६ मध्ये हायनेकन कंपनीच्या डॉ. एलियन यांनी शुद्ध यीस्ट वेगळे केले. लागरच्या यीस्टला लागणारी थंडी यंत्राने मिळू लागल्यावर आणि एकच यीस्ट हाती आल्यावर तीच बिअर कुठेही बनवता येऊ लागली.

हार्लेमकरांनी जुनी चव पूर्ण जाऊ दिली नाही. तिथल्या योपेन कंपनीने १९९० च्या दशकात १४०७ च्या कृतीवरून कॉइट नावाची एल पुन्हा बाजारात आणली. तिच्यात जवाबरोबर ओट आणि गहूही असतो.