एबी फॉर्म: दोन कागद, एक सही

महापालिका, नगरपरिषद किंवा जिल्हा परिषदेच्या उमेदवाराला पक्षाचं चिन्ह मिळतं ते ‘ए’ आणि ‘बी’ फॉर्म या दोन कागदांवर. ‘ए’ फॉर्ममध्ये पक्ष निवडणूक अधिकाऱ्याला कळवतो, की उमेदवार ठरवण्याचा अधिकार कोणाचा. ‘बी’ फॉर्ममध्ये हा अधिकार मिळालेला पक्षाचा माणूस उमेदवाराचं नाव देतो. दोन्हींवर शाईची सही हवी, झेरॉक्स चालत नाही. फॉर्म मुदतीत पोचला नाही, तर पंधरा वर्षं वॉर्डात राबलेल्या कार्यकर्त्यालाही पक्षाचं चिन्ह मिळत नाही. बंडखोरीच्या भीतीनं नेते फॉर्म शेवटच्या दिवसापर्यंत हातात ठेवतात, म्हणून दाद मागायलाही वेळ उरत नाही.

लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम 29-अ नोंदणीच्या वेळी पक्षाकडून लोकशाहीवरील निष्ठेची हमी घेतं. पण उमेदवार निवडताना वॉर्डातल्या सदस्यांचं मत घ्यावं, असं बंधन त्यात नाही. निवडून आल्यावरही पक्षाची पकड सुटत नाही: महाराष्ट्राच्या 1986च्या अनर्हता कायद्यानुसार पक्षादेश मोडणाऱ्या नगरसेवकाचं पद जाऊ शकतं.

ग्रामपंचायत निवडणूक मात्र पक्षचिन्हावर होत नाही, त्यामुळे तिथे एबी फॉर्म लागत नाही.