साठवणुकीचा हिशोब : टीबी कच्चे किती, पक्के किती?

कारंजा लाडच्या बाजारात कापसाचा व्यवहार करणाऱ्याला एक गोष्ट शिकवावी लागत नाही. एक क्विंटल कापूस म्हणजे एक क्विंटल रुई नव्हे. जिनिंगमधून रुई निघते साधारण ३३ ते ३५ किलो. बाकी सरकी आणि थोडी घट. म्हणून जाणता व्यापारी नुसते वजन पाहत नाही, रुईचा उतारा पाहतो. संगणकातील साठवणुकीच्या बाबतीत मात्र हेच व्यापारी बांधव खोक्यावर छापलेला आकडा पाहून पैसे मोजतात. जिनिंग, अडत दुकान, पतसंस्था, दवाखाना, शाळा, फोटो स्टुडिओ अशा ठिकाणी आता अनेक डिस्कची यंत्रणा लागते. तिचाही उतारा काढला पाहिजे. तो काढायला त्रैराशिकापेक्षा जास्त गणित लागत नाही.

पहिली घट : मापाची

मेट्रिक मापे येण्यापूर्वी बाजारात कच्चा शेर आणि पक्का शेर असे दोन्ही चालत. १९५६ च्या वजन-मापे कायद्याने तो घोळ मिटवण्याची सुरुवात झाली. संगणकात तो घोळ अजून आहे. डिस्क बनवणारे १ टीबी म्हणजे एक लाख कोटी बाइट धरतात. विंडोज मात्र १०२४ च्या पटीने मोजते. तिच्या हिशोबाने १ टीबी म्हणजे सुमारे १ लाख ९ हजार ९५१ कोटी बाइट. त्यामुळे ४ टीबीची डिस्क लावली की पडद्यावर सुमारे ३.६४ दिसते. नऊ टक्के गेले कुठे, असा प्रश्न पडतो.

मोठ्या मापाला वेगळे नाव असावे म्हणून १९९८ साली आंतरराष्ट्रीय विद्युत तंत्र आयोगाने 'टेबीबाइट' हा शब्द दिला, पण तो बाजारात रुजला नाही. अमेरिकेत याच कारणावरून ग्राहक न्यायालयात गेले आणि २००७ मध्ये सीगेट कंपनीने चूक कबूल न करता तडजोड केली.

मापात घट करणाऱ्यांना सूरह मुतफ्फिफीनमध्ये दिलेला इशारा आपल्या वाचकांना ठाऊक आहे. इथे विक्रेता बाइट कमी देत नाही. पण कोणत्या शेराने मोजले हे घेणाऱ्याला माहीत नसेल, तर व्यवहारात संदिग्धता राहते आणि भांडणाला वाट मिळते. म्हणून आधीच विचारावे : आकडा कच्चा की पक्का?

दुसरी घट : सुरक्षिततेची

डिस्क हे फिरणारे यंत्र आहे. कधी ना कधी ते बंद पडते. म्हणून अनेक डिस्क एकत्र बांधून, एखादी बिघडली तरी माहिती शाबूत राहावी अशी सोय करतात. तिला 'रेड' म्हणतात. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांनी १९८८ मध्ये तिची मांडणी केली. प्रत्येक गोष्टीची दुसरी प्रत ठेवली तर निम्मी जागा जाते. 'रेड ५' मध्ये एका डिस्कइतकी जागा जाते व एक डिस्क बिघडलेली चालते. 'रेड ६' मध्ये दोन डिस्कची जागा जाते व दोन बिघडलेल्या चालतात. शिवाय एखादी डिस्क राखीव ठेवली तर तीही हिशोबातून वजा.

तिसरी घट : मोकळ्या जागेची

गोदाम छतापर्यंत भरले तर हमालाला फिरायला वाट राहत नाही. यंत्रणाही पूर्ण भरली की मंदावते. साधारण पाचवा हिस्सा मोकळा सोडावा.

आता एक उदाहरण घेऊ. ४ टीबीच्या ८ डिस्क, म्हणजे छापील ३२ टीबी.

एक राखीव वजा : ७ डिस्क.
'रेड ६' साठी दोन वजा : ५ डिस्क, म्हणजे २० टीबी.
पक्क्या मापाने (०.९०९ ने गुणून) : १८.२ टीबी.
पाचवा हिस्सा मोकळा सोडून : साधारण १४.५ टीबी.

३२ चे १४.५ झाले. यात फसवणूक नाही, हा उतारा आहे. पण ज्याने ३० टीबीची गरज धरून ही यंत्रणा घेतली, त्याला काही महिन्यांतच पुन्हा खिशात हात घालावा लागेल.

गरज किती?

हिशोबाच्या वह्यांना जागा फार लागत नाही. जागा खातात चित्रे. दुकानातील एक कॅमेरा सेकंदाला २ मेगाबिट पाठवतो असे धरा. ८ बिटांचा एक बाइट, म्हणून सेकंदाला पाव मेगाबाइट. दिवसाचे सेकंद ८६,४००. म्हणजे एका कॅमेऱ्याचे दिवसाला २१.६ जीबी. आठ कॅमेरे आणि तीस दिवस म्हणजे ५,१८४ जीबी, सुमारे ५.२ टीबी. ४ टीबीची डिस्क असेल तर २३ दिवसांनंतर जुने चित्रण पुसले जाऊ लागेल. चोरी महिन्याने लक्षात आली तर पाहायला काही उरणार नाही.

लग्नाचे चित्रीकरण करणाऱ्या बांधवांनी आपल्या कॅमेऱ्याचा वेग पाहावा. सेकंदाला १०० मेगाबिट असेल तर तासाला ४५ जीबी लागतात.

वह्यांची बाब जागेची नसून मुदतीची आहे. जीएसटी कायद्याच्या कलम ३६ प्रमाणे वार्षिक विवरणपत्राच्या शेवटच्या तारखेपासून ७२ महिने हिशोब जपावा लागतो. २०२३-२४ या वर्षाचा हिशोब ३१ डिसेंबर २०३० पर्यंत हाताशी हवा. म्हणून आजची गरज काढून त्यात पुढील वर्षांची वाढ मिळवावी.

कोटेशनवर लिहून घ्या

१) सर्व वजावटीनंतर वापरायला मिळणारी जागा किती, आणि ती कोणत्या मापाने?
२) 'रेड' कोणती, राखीव डिस्क किती?
३) नंतर डिस्क वाढवता येतील का, किती?
४) 'दाबून साठवल्यावर तिप्पट मावेल' असे सांगितले तर कोणती माहिती धरून? फोटो, चित्रफिती आधीच दाबलेल्या असतात. त्या फारशा आणखी दबत नाहीत.
५) दाखवलेली जागा प्रत्यक्ष आहे की नुसती कागदी? काही यंत्रणा हातातल्या डिस्कपेक्षा जास्त जागा वाटून दाखवतात. सर्वांनी एकदम माल आणला तर गोदाम अपुरे पडते.

आणखी एक गोष्ट. 'रेड' म्हणजे दुसरी प्रत नव्हे. आग, वीज, चोरी किंवा खंडणीखोर व्हायरस आठही डिस्क एकदम नेतो. महत्त्वाच्या हिशोबाची एक प्रत वेगळ्या जागी, संगणकापासून सोडवून ठेवावी, आणि ती उघडते का हे अधूनमधून पाहावे. तिच्या जागेचा खर्चही पहिल्याच अंदाजपत्रकात धरावा.

सूरह बकराच्या २८२ व्या आयतीत उधारीचा व्यवहार लहान असो की मोठा, मुदतीसह लिहून ठेवण्याचा हुकूम आहे. लोकांच्या देण्याघेण्याची नोंद ही आपल्याकडची अमानत आहे. ती वहीत असो की डिस्कवर, मागेल तेव्हा दाखवता आली पाहिजे. म्हणून यंत्रणा घेताना छापील आकडा बाजूला ठेवा, उतारा काढा आणि मगच बयाणा द्या.