पळसदेव : भीमाकाठच्या एका गावाचा भूप्रदेश आणि इतिहास

प्रस्तावना :
ग्रामेतिहास हा केवळ लढाया आणि वतने यांचा इतिहास नसतो. जमीन, पाणी आणि त्यांच्या नोंदी हीदेखील त्याची महत्त्वाची साधने होत. या दृष्टीने इंदापूर तालुक्यातील पळसदेव हे गाव अभ्यासनीय ठरते.

जमिनीची मोजणी :
नदीकाठची खोल काळी जमीन, नदीपासून दूर मुरमाड माळ आणि अनिश्चित पाऊस ही या तालुक्याची नैसर्गिक चौकट होय. पेशवाईच्या अस्तानंतर प्रिंगल यांनी निव्वळ उत्पन्नाच्या अंदाजावर सारा ठरविला. तो रयतेस जड झाला व जमिनी पडीक राहू लागल्या. म्हणून १८३५-३६ मध्ये गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी इंदापुरात फेरपाहणी केली. मातीचा प्रकार व खोली पाहून जमिनीची प्रत ठरवावी, सारा हलका असावा आणि तो ३० वर्षे स्थिर राहावा, हे तिचे सूत्र होते. हीच पद्धत पुढे मुंबई इलाख्यात रूढ झाली.

पाण्याखालील गाव :
१९८० मध्ये पूर्ण झालेल्या उजनी धरणाच्या जलाशयात जुने पळसदेव बुडाले. नवे गाव पुणे-सोलापूर महामार्गालगत वसले. जी काळी जमीन पाहणीत वरच्या प्रतीची ठरत असे, तीच नदीकाठी असल्याने प्रथम पाण्याखाली गेली. उलट, पूर्वी हलक्या मानल्या गेलेल्या जमिनीवर उपसा सिंचनामुळे ऊस उभा राहिला. मासेमारी व गाळपेर हे नवे व्यवसाय आले. जलाशयाची पातळी फार खालावली म्हणजे पळसनाथाचे प्राचीन दगडी मंदिर उघडे पडते.

निष्कर्ष :
मोजणीच्या दप्तरात शेताचा क्रमांक, प्रत, आकार आणि खातेदार सापडतो; परंतु बिनजमिनीचे मजूर, कारागीर, पाणवठे, पायवाटा व घाट यांचा माग त्यात क्वचितच लागतो. हा तपशील जुने गाव पाहिलेल्या वृद्धांच्या स्मरणात आहे, आणि ती पिढी आता मावळत आहे. दप्तर सुरक्षित राहील, स्मरण राहणार नाही. म्हणून परिसरातील महाविद्यालयांच्या इतिहास व भूगोल विभागांनी मौखिक साधनांचे संकलन आणि उघड्या पडणाऱ्या अवशेषांची नोंद संयुक्तपणे हाती घेणे अगत्याचे आहे.