ऑपरेशनच्या खोलीतली ठिणगी

घरातल्या लेकीसुनेचं सिझर ठरलं की आपली काय धांदल उडते, हे मैत्रिणींनो तुम्हाला का सांगायला हवं? दुपटी, डिंकाचे लाडू, थर्मास. माझ्या धाकट्या जावेच्या वेळी आमच्या चांदूर बाजारच्या घरी सासूबाईंनी पहाटेच उठून तिच्या डोक्यावर वाटीभर खोबरेल थापलं. डोकं शांत राहतं म्हणून. दवाखान्यात सिस्टरनं ते बघितलं मात्र!

"मावशी, एवढं तेल काऊन लावलं जी? पुसा ते पहिले."

"तेलानं काय आग लागते का वो?" सासूबाई फणकारल्या.

"इथं लागू शकते," सिस्टर शांतपणे म्हणाली.

मला तेव्हा तो शिष्टपणाच वाटला. पुढे डॉक्टरीणबाईंना गाठून विचारलं, तेव्हा कळलं की ती पोरगी बरोबर होती.

तुम्ही चूल पेटवलेली आहे ना? जळण, हवा आणि ठिणगी, तीन गोष्टी जमल्या की आग. ऑपरेशनच्या खोलीत तिन्ही हाताशीच असतात. ठिणगी म्हणजे कॉटरी, रक्त थांबवण्यासाठी विजेवर तापणारं हत्यार. जळण म्हणजे चादरी, कापूस, केस आणि कातडीला लावलेलं स्पिरिटचं औषध. हवेत शंभरात एकवीस भाग प्राणवायू असतो. रोग्याच्या नाकातोंडावर नळी लावली की तिथं तो कितीतरी वाढतो. फुंकणीनं निखारा कसा फुलतो ते आठवा. हा वायू चादरीखाली साचला तर साधं कापडही भडकून पेटतं. म्हणूनच अशा आगी जास्त करून चेहरा, मान, छातीचा वरचा भाग इथल्या ऑपरेशनांत लागतात. तेल, व्हॅसलीन, क्रीम नको ते यासाठी. पोटाच्या ऑपरेशनला डोक्यावरच्या तेलाचा धोका लहान, हे खरं. (नखांचं पॉलिश काढायला लावतात त्याचं कारण वेगळं: बोटाला लावलेल्या यंत्राला रक्तातला प्राणवायू नीट मोजता यावा म्हणून.)

पोटाच्या ऑपरेशनात खरी भीती स्पिरिटची. ते कातडीवर निदान तीन मिनिटं सुकू द्यावं लागतं. केस असतील तिथं तासभरही लागतो. बेंबीत साचलं, पाठीखाली ओघळून चादरीत मुरलं आणि वरून घाईनं कॉटरी लावली, तर पेट घेतं. त्याची ज्योत निळसर, थिएटरच्या झगझगीत दिव्याखाली दिसतसुद्धा नाही. बाळाचे ठोके उतरले आणि थांबायला वेळच नसला तर काय? त्यासाठी पाण्यात कालवलेलं आयोडीन असतं. आणि आग लागलीच, तर प्राणवायू बंद करायचा, चादरी ओढून फेकायच्या, सलाइन ओतायचं. हे काही सेकंदांत व्हावं लागतं, म्हणून तालीम आधी हवी.

पूर्वी तर भूल देण्याचं औषधच स्फोटक होतं. १८४६ साली बोस्टनला सर्वांसमोर ईथरची भूल दिली गेली आणि पुढे शंभर वर्षं डॉक्टर एका ठिणगीला भीत राहिले. १९५६ च्या सुमारास न पेटणारं हॅलोथेन आलं आणि ती भीती सरली. भीतीबरोबर सावधगिरीही थोडी सरली, असं मला वाटतं.

आग नसली तरी कॉटरीचा धूर असतोच. रोगी तासाभरानं बाहेर येतो. सिस्टर मात्र तो रोज हुंगते. धूर ओढून घेणारं यंत्र मिळतं. अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंड राज्यानं २०१८ साली त्यासाठी कायदाच केला. तुमच्या घरात कुणी सिस्टर असेल तर विचारा, तिच्या थिएटरात ते आहे का.

थिएटरबाहेर, बाळांच्या खोलीत काय होतं ते आपण बघितलंच आहे. ९ जानेवारी २०२१ ला भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात रात्री आग लागली. नवजात बाळांच्या कक्षात सतरा बाळं होती, दहा गेली. तीन भाजून आणि सात धुरानं. ज्वाळा पोचण्याआधी धूर पोचतो, बायांनो. सप्टेंबर २०२२ मध्ये आपल्या अमरावतीच्या डफरीनमध्येही बाळांच्या अतिदक्षता कक्षात आग लागली आणि बाळांना तातडीनं दुसरीकडे हलवावं लागलं.

आणि आम्ही काय करावं? तिसऱ्या दिवशी सासूबाई पदराखाली शेगडी घेऊन वॉर्डात हजर! ओवा, बाळंतशोपा, धुरीचं सगळं सामान. शेजारच्या खाटेला प्राणवायूचं सिलिंडर. मी शेगडी हिसकून अंगणात नेली, तर दिवसभर अबोला. अगरबत्ती, स्टोव्ह, एकाच बोर्डाला तीन पिना, सगळं त्यातलंच. दवाखान्यात गेलात की बाहेर पडायचा दुसरा दरवाजा कुठे आहे आणि त्याला कुलूप तर नाही ना, तेवढं बघा. धूर झालाच तर बाळ छातीशी धरून वाकून, जमिनीलगत निघा; लिफ्टच्या नादी लागू नका.

डॉक्टरांना विचारायला आपल्याला संकोच वाटतो. मलाही वाटला. पण "डॉक्टर, औषध सुकू देता ना?" एवढं विचारल्यावर आमच्या डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत, हसल्या.

यंदा जावेची दुसरी खेप. आदल्या रात्री तिनं शिकेकाईनं डोकं धुतलं. सासूबाई वेणी घालता घालता पुटपुटत होत्या, "कोरडं डोकं घेऊन कुठं चालली माय!" पण तेलाची बाटली फडताळातच होती.