झाडाविना धनुष्य

आपल्या बांबूच्या मुलखात धनुष्य करणे म्हणजे पोरखेळ. कामटी वाकवली, सुतळी ताणली की झाले; लहानपणी मीही अशी पुष्कळ केली आहेत. पण जिथे कोसच्या कोस एक झाड दिसत नाही, तिथे धनुष्य करायचे कशाचे? आणि ते साधले नाही तर पोरांच्या मुखी घास पडायचा कसा?

कॅनडाच्या उत्तर टोकाच्या इन्युइट लोकांपुढे हाच प्रश्न होता. शाळेच्या भूगोलात आपण त्यांना एस्किमो म्हणून ओळखले. ‘इन्युइट’ म्हणजे ‘माणसे’. बंदुका येण्यापूर्वी कॅरिबू, म्हणजे रानटी रेनडिअर, ते धनुष्यबाणाने मारीत.

दक्षिणेकडच्या जंगलांतून मॅकेन्झीसारख्या नद्या ओंडके समुद्रात वाहून आणतात. किनाऱ्याला लागेल तेच यांचे लाकूड. बहुधा स्प्रूसचे, फार वाकवले तर तडकणारे. धनुष्य वाकते तेव्हा त्याचे पोट दाबले जाते आणि पाठ ताणली जाते. म्हणून या लोकांनी पाठीचा ताण लाकडावरून काढून दोरीवर टाकला! कॅरिबूच्या कण्यालगतचे चिवट तंतू वाळवून, सुटे करून त्यांची वेणी घालायची. ती धनुष्याच्या पाठीवरून या टोकापासून त्या टोकापर्यंत पुन्हा पुन्हा न्यायची आणि हाडाच्या लहान कांड्यांनी पीळ देऊन घट्ट करायची. सरस नाही, खिळा नाही. सारा कारभार गाठींचा. अलास्कात दोन वर्षे राहिलेल्या जॉन मर्डोक यांनी १८८४ च्या सुमारास वॉशिंग्टनच्या संग्रहालयातील अशा धनुष्यांची ही बांधणी बारकाईने नोंदवून ठेवली आहे.

लाकूड मिळालेच नाही तर शिंगांचे तुकडे जोडून धनुष्य होई. विष्णूच्या धनुष्याचे ‘शार्ङ्ग’ हे नावही शृंगावरूनच आलेले, हे इथे आठवते.

बाणाला टोक हाडाचे, शिंगाचे किंवा घासलेल्या पाटीच्या दगडाचे. कॉपरमाइन नदीच्या बाजूला जमिनीत शुद्ध तांबे सापडे. ते न वितळवता नुसते ठोकून टोके घडवीत. जवळून मारलेलाच बाण खोल रुते. म्हणून माणसांसारख्या दिसणाऱ्या दगडांच्या राशी रचायच्या, बायकामुलांनी ओरडत कळप हाकायचा आणि शिकाऱ्यांनी दबा धरून बसायचे. ओल लागली की तंतू सैल पडत. म्हणून धनुष्य सीलच्या कातड्याच्या पिशवीत जपावे लागे. सैल धनुष्य म्हणजे रिकामी चूल!

१९१३ ते १९१८ च्या कॅनडाच्या आर्क्टिक मोहिमेत डायमंड जेनेस त्या भागात राहिले, तेव्हा तेथे बंदुका येऊ लागल्या होत्या. पुढे धनुष्य मागे पडले. बंदूक दुरून मारते, तेव्हा तिला दोष कसा द्यावा? पण काडतुसे संपली की कोल्ह्याची कातडी घेऊन व्यापाऱ्याच्या दारी जाणे आले. जुन्या धनुष्याला दोरी हवी, बाणाला टोक हवे, तर ते कॅरिबूच देई. आजची शिकार उद्याच्या शिकारीची सोय करून ठेवी. मला त्या गाठींचे कौतुक आहेच. पण त्याहून अधिक कौतुक या स्वावलंबनाचे वाटते.