चौदाव्या वर्षी कुणाचंच काही ठरत नसतं

"सर, पोराला निवड चाचणीत घेतलं नाही. आता कबड्डी बंद. दम असता तर चौदाव्या वर्षीच दिसला असता." काळेवाडीत विजयनगर असो की तापकीरनगर, हे बोलणं सारखं कानावर येतं. कंपनीतल्या पाळ्या सांभाळून संध्याकाळी मुलाला मैदानावर आणणाऱ्या आईबापांवर माझा राग नाही. त्यांच्या मनात हे कुणीतरी भरवलेलं असतं आणि भरवणाऱ्याच्या गळ्यात बहुतेक वेळा शिट्टी असते. राग त्या माणसावर आहे.

याच समजाची दुसरी बाजूही तितकीच घातक आहे. चौदाव्या वर्षी जो समोरच्या तिघांना ओढत मध्यरेषेपर्यंत येतो, त्याच्याबद्दल लगेच ठरतं की हा प्रो कबड्डीत जाणार. २०१४ साली प्रो कबड्डी सुरू झाली, बालेवाडीत सामने होऊ लागले, लिलावातले कोटींचे आकडे घरोघरी पोचले. तेव्हापासून प्रत्येक मंडळाला आपल्यातला पुढचा मोठा चढाईपटू शोधायची घाई झाली आहे. घाईत जे मोजलं जातं ते कौशल्य नसतं. ती बहुतेक वेळा लवकर आलेली मिसरूड असते.

गैरसमज: चौदाव्या वर्षी जो सगळ्यांत भारी, तोच उद्याचा खेळाडू, जो मागे राहिला तो संपला.

वस्तुस्थिती: मुलांची उंची सर्वांत वेगानं वाढण्याचा काळ सरासरी चौदाव्या वर्षाच्या आसपास येतो. पण ही फक्त सरासरी आहे. कुणाचा हा काळ बाराव्या वर्षी येऊन जातो, तर कुणाचा सोळावं लागेपर्यंत येत नाही. एकाच वर्गात, एकाच बाकावर बसणाऱ्या दोन मुलांच्या शरीराच्या वयात चार वर्षांचंही अंतर असू शकतं. उंची वाढते त्यानंतर काही महिन्यांनी वजन आणि ताकद येते. म्हणजे निवड चाचणीत आपण बऱ्याचदा जवळजवळ तयार झालेल्या तरुणाला लहान मुलाशी भिडवतो आणि तरुण जिंकला की त्याला गुणी म्हणतो.

मॅटवर याचा परिणाम रोज दिसतो. लवकर वाढलेल्या मुलाला पदलालित्य शिकायची गरजच पडत नाही. पकड बसली तरी तो जोरावर सुटतो. बोनस घेऊन कधी परतायचं, कोपरारक्षकाला कसं पुढे खेचायचं, साखळी कुठे सैल आहे, हे त्याला पाहावंच लागत नाही. अठराव्या वर्षी बाकीची मुलं ताकदीत बरोबरीला येतात आणि हा पहिल्यांदाच अडतो. उशिरा वाढणारा मुलगा मात्र जोर नसल्यामुळे वर्षानुवर्षं चकवायला शिकत असतो. त्याला आपण चौदाव्या वर्षी घरी पाठवलेलं असतं.

हा माझा तर्क आहे असं वाटत असेल, तर ज्या खेळात हे सर्वांत आधी मोजलं गेलं तिकडे पाहा. कॅनडात आइस हॉकीच्या मुलांचे वयोगट १ जानेवारी या तारखेवर ठरतात. रॉजर बार्न्सली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८५ साली दाखवून दिलं की वरच्या दर्जाच्या कनिष्ठ संघांत जानेवारी ते मार्चमध्ये जन्मलेल्यांची गर्दी आहे आणि ऑक्टोबर ते डिसेंबरवाले तुरळक आहेत. जानेवारीचा मुलगा आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरचा मुलगा एकाच गटात खेळतात. लहान वयात अकरा महिने म्हणजे मोठा फरक. मोठा दिसणारा निवडला जातो, त्याला चांगला प्रशिक्षक आणि जास्त सामने मिळतात आणि दोन वर्षांनी तो खरोखरच पुढे गेलेला असतो.

पुढे २०१३ साली डीनर, लोवेन आणि कोब्ली यांनी व्यावसायिक आइस हॉकी लीगमध्ये निवडल्या गेलेल्या कॅनडाच्या खेळाडूंचा अभ्यास 'प्लॉस वन' या नियतकालिकात छापला. या लीगमध्ये संघ आळीपाळीनं तरुण खेळाडू निवडतात. निवडलेल्यांपैकी ३६ टक्के वर्षाच्या पहिल्या तिमाहीत जन्मलेले होते, शेवटच्या तिमाहीतले फक्त साडेचौदा टक्के. पण निवड झाल्यावर काय झालं? वर्षाच्या उत्तरार्धात जन्मलेले खेळाडू त्यांच्या कामगिरीच्या मानानं चाळीसपेक्षा जास्त क्रमांक उशिरा निवडले गेले होते, आणि ४०० सामने किंवा २०० गुणांचा टप्पा गाठण्याची त्यांची शक्यता जवळजवळ दुप्पट होती. हे सगळं अशा लीगमध्ये घडलं, जिथे खेळाडू पारखण्यासाठी पगारी माणसं वर्षभर फिरतात. ते चुकत असतील, तर एका दुपारच्या चाचणीत मुलाचं भविष्य सांगणाऱ्यांनी थोडं थांबावं. पारखणारे कसे चुकतात ते पाहा: स्वीडनच्या हेन्रिक झेटरबर्गला याच लीगमधल्या डेट्रॉइटच्या संघानं १९९९ साली २१० व्या क्रमांकावर घेतलं. २००८ साली डेट्रॉइटनं लीगचा विजेतेपदाचा स्टॅनले कप जिंकला तेव्हा बाद फेरीतला सर्वोत्तम खेळाडू तोच होता.

यावर हमखास येणारं उत्तर म्हणजे, "आपल्या कबड्डीत वजनाची अट असते, त्यामुळे हा प्रश्नच नाही." प्रश्न आहे, आणि अटीमुळे तो काही वेळा जास्त बिकट होतो. सोळा वर्षांचा, पूर्ण वाढलेला मुलगा आदल्या दिवशी उपाशी राहतो, पाणी तोडतो, अंगाला प्लास्टिक गुंडाळून पळतो आणि काट्यावर बसतो. त्याच्यासमोर त्याच वजनाचा, पण अजून मिसरूडही न फुटलेला मुलगा उभा राहतो. वजन सारखं, पण स्नायू आणि हाडं सारखी नाहीत. वाढत्या वयात मुलाला पाण्यावाचून ठेवणं हा गुन्ह्यासारखाच प्रकार आहे आणि तो 'वजन बसवणं' या नावाखाली खपून जातो, हे मला सहन होत नाही.

त्यात कागदावरच्या वयाचा घोळ. शाळेत नाव घालताना गुरुजींनी १ जून ही जन्मतारीख टाकलेली एक अख्खी पिढी महाराष्ट्रात आहे. आता जन्मदाखले आले, तरी एखाद्या मुलाचं वय कागदावर कमी असण्याचे प्रकार थांबलेले नाहीत. क्रिकेट नियामक मंडळ सोळा वर्षांखालच्या मुलांच्या मनगटाचा एक्स-रे काढून हाडांचं वय तपासतं, ते याचसाठी. वय चोरलेला मुलगा चाचणीत चमकतो तेव्हा एका खऱ्या चौदा वर्षांच्या मुलाची जागा गेलेली असते.

मग करायचं काय? उपाय महाग नाहीत. मुलाचं वय, आजची उंची आणि वजन, आईची आणि वडिलांची उंची, एवढ्यावरून त्याची पुढची उंची अंदाजानं काढण्याची खामिस-रोश ही पद्धत १९९४ पासून उपलब्ध आहे. मुलानं त्या अंदाजित उंचीपैकी किती टक्के गाठली हे कळलं, की कोण लवकर वाढला आणि कोणाची वाढ बाकी आहे हे समजतं. ही पद्धत अमेरिकेतल्या ओहायोच्या गोऱ्या मुलांच्या मोजमापांवर बेतलेली आहे, म्हणून आपल्याकडे ती दिशा दाखवण्यापुरतीच वापरावी. इंग्लंडमध्ये प्रीमियर लीगच्या फुटबॉल अकादम्यांनी वयाऐवजी शरीराच्या वाढीप्रमाणे गट पाडून मुलांचे सामने घेतले आहेत. मंडळाच्या मैदानावर दर तीन महिन्यांनी भिंतीवर उंचीची खूण आणि वहीत नोंद एवढं तरी प्रत्येकाला जमतं. ज्याची उंची झपाट्यानं वाढते आहे, त्याचे पाय काही महिने अडखळतात, गुडघ्याखाली दुखतं. त्याला 'आळशी झाला' म्हणू नका. त्याचा सराव हलका करा.

धीरानं पारख केली की काय होतं हे पाहायचं, तर आता प्रो कबड्डीतल्या आपल्या पुणेरी पलटणकडे या. २०२१-२२ च्या आठव्या हंगामात पलटणच्या आक्रमणाची भिस्त राहुल चौधरी आणि नितीन तोमर या नावाजलेल्या चढाईपटूंवर होती. ते जमेना, तेव्हा प्रशिक्षक अनुप कुमार यांनी अस्लम इनामदार आणि मोहित गोयत या नवख्यांवर भार टाकला आणि संघ बाद फेरीत गेला. पुढच्या हंगामात अंतिम सामना जयपूरकडून ३३-२९ असा हरले. दहाव्या हंगामात साखळीतल्या २२ सामन्यांत १७ विजय आणि १ मार्च २०२४ रोजी हैदराबादला अंतिम सामन्यात हरियाणा स्टीलर्सवर २८-२५ अशी मात. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या टाकळीभानचा अस्लम तेव्हा कर्णधार होता आणि हंगामाचा सर्वोत्तम खेळाडूही. तो आणि नाशिकचा आकाश शिंदे, दोघंही हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेतल्या सुवर्णविजेत्या संघात होते. या मुलांची पारख झाली ती प्रौढांच्या सामन्यांत, सलग संधी देऊन, हंगामामागून हंगाम. एका चाचणीवर हा संघ उभा राहिला नाही.

आता बाकीचे समज. ते थोडक्यात आवरता येतात.

गैरसमज: पहिल्या संधीत फसला, म्हणजे मोठ्या पातळीचा नाही.

वस्तुस्थिती: आपल्या शेजारच्या थेरगावच्या वेंगसरकर अकादमीत घडलेला ऋतुराज गायकवाड २०२० च्या आयपीएलमध्ये पहिल्या तीन डावांत ०, ५ आणि ० वर बाद झाला. पुढच्या तीन डावांत तीन अर्धशतकं, आणि २०२१ च्या हंगामात ६३५ धावांसह सर्वाधिक धावांची ऑरेंज कॅप. कबड्डीत पवन सेहरावत पाचव्या हंगामात गुजरातकडून फारसा खेळलाच नाही; सहाव्या हंगामाच्या अंतिम सामन्यात त्यानं बेंगळुरूसाठी त्याच गुजरातविरुद्ध २२ गुण घेतले.

गैरसमज: लिलावातली बोली म्हणजे खेळाडूची लायकी.

वस्तुस्थिती: बोली संघाच्या गरजेवर आणि शिल्लक पैशांवर ठरते. दहाव्या हंगामाआधी पवनसाठी तेलुगू टायटन्सनं २ कोटी ६० लाखांहून जास्त मोजले, आणि तो संघ २२ पैकी २ सामने जिंकून तळाला राहिला. दोष पवनचा नव्हता. एका माणसानं संघ होत नाही.

गैरसमज: ज्याचे चढाईत गुण जास्त, तो चांगला.

वस्तुस्थिती: किती चढायांत आणि किती वेळा बाद होऊन, ते आधी विचारा. बारा चढायांत दहा गुण घेऊन दोनदा बाद होणारा मुलगा आणि बावीस चढायांत दहा गुण घेऊन आठदा बाद होणारा मुलगा यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे, कारण प्रत्येक वेळी बाद झालं की समोरच्याला गुण मिळतो आणि त्यांचा एक गडी आत येतो. सलग दोन रिकाम्या चढायांनंतरच्या तिसऱ्या, 'करा किंवा मरा' चढाईत तो काय करतो हे वेगळं लिहून ठेवा. पकड करणाऱ्यांचीही तशीच नोंद ठेवा. दहाव्या हंगामात पलटणच्या मोहम्मदरेझा शादलुईनं पकडीतून ९९ गुण घेतले. त्याशिवाय ते विजेतेपद नव्हतं.

गैरसमज: लहानपणापासून बारा महिने एकच खेळ खेळला तरच मोठा होतो.

वस्तुस्थिती: अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीनं २०१६ साली एकाच खेळात पूर्ण उतरण्यासाठी पंधरा-सोळा वर्षांपर्यंत थांबायचा सल्ला दिला आहे. खो-खो खेळणाऱ्या मुलाचे पाय कबड्डीत कामालाच येतात.

गैरसमज: वजनं उचलली की उंची खुंटते.

वस्तुस्थिती: जाणकाराच्या देखरेखीखाली, बेतानं केलेल्या व्यायामानं खुंटत नाही.

गैरसमज: जिममधल्या दादानं दिलेली पावडर चालते, सगळेच घेतात.

वस्तुस्थिती: उत्तेजक चाचणीत जे सापडेल त्याची जबाबदारी खेळाडूचीच धरली जाते, ते कुणीही दिलेलं असो. दूध, अंडी, डाळ, शेंगदाणे यांवर चौदा वर्षांचा मुलगा छान वाढतो.

गैरसमज: खरा खेळाडू दुखणं अंगावर काढतो.

वस्तुस्थिती: अकराव्या हंगामात गुडघ्याच्या दुखापतीनं अस्लम बाहेर गेला आणि गतविजेत्या पलटणला बाद फेरीही गाठता आली नाही. व्यावसायिक संघ आपल्या कर्णधाराला बसवतो, मग मंडळाच्या चषकासाठी सुजलेल्या गुडघ्यानं मुलाला कशाला उतरवायचं?

यादीत नाव न आलेल्या मुलाच्या आईबापांनी प्रशिक्षकाला तीन प्रश्न विचारावेत. सहा महिन्यांपूर्वी याला जे येत नव्हतं, त्यातलं आज काय येतं? याच्याइतकीच ताकद असलेल्या मुलासमोर हा कसा खेळतो? आणि पुढची चाचणी कधी आहे? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं ज्याच्याकडे नाहीत, त्यानं मुलाला पारखलेलंच नाही, नुसतं पाहिलं आहे. तिसऱ्याचं उत्तर 'पुढच्या वर्षी' असेल, तर ते बदलून घ्या. जूनमध्ये केलेली यादी डिसेंबरमध्ये पुन्हा उघडायला खर्च येत नाही. तोवर मुलाला मैदानावर येऊ द्या. निवड समितीनं वगळलेला मुलगा अठराव्या वर्षीही संघात येऊ शकतो. चौदाव्या वर्षी घरी बसवलेल्या मुलाला ती वाट उरत नाही.