मुक्त जगातील छुपी बेडी

संगणकावरील खेळ म्हणजे आखून दिलेल्या वाटेने धावणे आणि समोर येईल त्या शत्रूला लोळवणे, असा समज अनेकांच्या मनात अजूनही आहे. ‘मुक्त जग’ या प्रकारातील खेळांनी तो मोडीत काढला. या प्रकाराचे सामर्थ्य आणि त्याची मर्यादा एकाच ठिकाणी पाहायची असेल, तर मार्च २००६ मध्ये आलेल्या ‘द एल्डर स्क्रोल्स ४ : ऑब्लिव्हियन’ या खेळाकडे वळावे लागते. अमेरिकेतील बेथेस्डा गेम स्टुडिओज या संस्थेची ही निर्मिती. एप्रिल २०२५ मध्ये तिची नवी आवृत्ती आली, तेव्हा जुन्या गुणांबरोबर जुन्या दोषाचीही चर्चा पुन्हा रंगली.

खेळाची सुरुवात तुरुंगाच्या कोठडीत होते. मारेकऱ्यांपासून पळणारा सम्राट युरिएल सेप्टिम त्याच कोठडीतील गुप्त वाटेने निघतो आणि थोड्याच वेळात मारला जातो. मरण्यापूर्वी तो आपला राजचिन्हाचा ताईत खेळाडूच्या हाती सोपवतो. वारस शोधायचा आणि पाताळलोकाची उघडलेली दारे बंद करायची, हे मुख्य कथानक. सम्राटाला पॅट्रिक स्टुअर्ट यांनी, तर वारस मार्टिनला शॉन बीन यांनी आवाज दिला आहे.

भुयारातून बाहेर पडताच समोर तळे, पैलतीरावर प्राचीन भग्नावशेष आणि दूरवर डोंगर दिसतात. या क्षणापासून कथानक बाजूला ठेवून कोठेही जाण्याची मुभा आहे. खेळाचे खरे बळ येथे आहे. सिरोडिल प्रांतातील माणसे ठरल्या वेळी उठतात, जेवतात, कामाला जातात आणि रात्री घराला कडी लावून झोपतात. उपकथानकेही कल्पक आहेत. एकात बंद वाड्यातील पाच पाहुण्यांचा एकेक करून काटा काढायचा असतो आणि उरलेले पाहुणे खुनी कोण याची चर्चा चक्क खेळाडूशीच करतात! जेरेमी सोल यांचे संगीत या भटकंतीला शांत, काहीसा उदास सूर देते.

मग दोष कोठे आहे? खेळाडूला कोठेही, केव्हाही जाता यावे, तर प्रत्येक जागा त्याला झेपणारी हवी. त्यासाठी निर्मात्यांनी सोपा उपाय योजला. खेळाडूची पातळी वाढेल तसे शत्रूही वाढतात. लांडग्यांच्या जागी अस्वले येतात आणि साधे वाटमारेही पुढे दुर्मीळ, मौल्यवान चिलखत घालून फिरू लागतात. असे चिलखत अंगावर असलेला दरोडेखोर वाटसरूकडे मागतो काय, तर अवघी १०० सुवर्णनाणी! चिलखत विकले तर त्याला आयुष्यभर दरोडा घालावा लागणार नाही.

हा केवळ विनोदाचा विषय नाही. भूमिकाप्रधान खेळाचा गाभा प्रगतीचा आनंद हा आहे. काल ज्याने पळवून लावले, त्याला आज हरवता यावे, ही त्यातली ओढ असते. जगच खेळाडूच्या मापाने वाढू लागले, तर श्रमाचे चीज होत नाही. मूळ आवृत्तीत तर बोलण्यात वा उड्या मारण्यात तरबेज झालेल्या खेळाडूचीही पातळी चढते. शत्रू बळकट होतात, पण त्याची तलवार मात्र दुबळीच राहते. काही बक्षिसांचे बळ ती मिळाली त्या वेळच्या पातळीवर ठरते, त्यामुळे लवकर पराक्रम गाजवणाऱ्याच्या वाट्याला कायमची कमकुवत तलवार येते. परिश्रमी खेळाडूलाच अशी शिक्षा मिळते.

याच मालिकेतील २००२ च्या ‘मोरोविंड’मध्ये बऱ्याच जागांना स्वतःचा धोका होता. चुकीच्या गुहेत शिरलेला नवखा मरत असे, पण ती गुहा त्याच्या लक्षात राहत असे. ‘ऑब्लिव्हियन’मधील गुहा आणि पाताळाची दारे मात्र एकसारखी वाटू लागतात. मोजक्याच कलाकारांनी असंख्य पात्रांना दिलेले आवाजही तसेच कानाला खटकतात.

हौशी खेळाडूंनी स्वतः बदल करून हा असमतोल दूर करण्याचा प्रयत्न केला. संस्थेनेही २०११ च्या ‘स्कायरिम’मध्ये अनेक ठिकाणांच्या पातळीला किमान व कमाल मर्यादा घातल्या. २०२५ च्या आवृत्तीत गुण वाढवण्याची पद्धत सुधारली. शत्रू खेळाडूबरोबर वाढण्याचे मूळ तत्त्व मात्र कायम राहिले.

तरीही हा खेळ आजही आवडीने खेळला जातो, कारण त्या तळ्याकाठच्या पहिल्या क्षणाची मोहिनी ओसरलेली नाही. मात्र कोठेही जाण्याची मुभा म्हणजेच स्वातंत्र्य नव्हे, हेही तो शिकवतो. जेथे जावे तेथे आपल्याच मापाचा शत्रू उभा असेल, तर वाट निवडण्याला अर्थ उरत नाही. जग खरे वाटायचे असेल, तर त्याने कधीतरी खेळाडूला ‘अजून नाही’ असे ठणकावून सांगायला हवे.